मंगळवारच्या लाइफगार्ड

यादीत अकरा नावं हवी होती. माझ्या कागदावर सहा झाली होती आणि पुढे पेन चालत नव्हतं.

समोर पुण्याहून आलेले सल्लागार बसले होते. त्यांच्या शेजारी आमचे मालक, भाऊसाहेब. गेवराईच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या या वॉटर पार्कची मी ऑपरेशन्स मॅनेजर होते. ऑपरेशन्स मॅनेजर म्हणजे तिकीट खिडकीपासून बाथरूमच्या नळापर्यंत जे जे चालू असतं, ते चालू ठेवणारी बाई. नवं काय बांधायचं ते मालक ठरवतात. बांधलेलं रोज सकाळी दहाला नीट उघडतं की नाही, ते माझ्याकडे.

सलग दोन उन्हाळे टँकरचे गेले होते. गावाला प्यायला पाणी नाही आणि इथं लोक पाण्यात नाचतात, अशी ओरड झाली. ती खोटी नव्हती. एक पूर्ण सीझन आम्ही पार्क बंद ठेवलं. पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा माणसं कमी करून उघडायचं, हेही सोबतच ठरलं. माळी, किचन आणि तिकीट खिडकीवरची सहा नावं मी लिहिली होती. उरलेली पाच सल्लागारांनीच सुचवली. पाचही महिला लाइफगार्ड.

त्यांनी टेबलावर आमचं रेस्क्यू रजिस्टर उघडलं. पाण्यात कोणी अडचणीत आलं आणि लाइफगार्डनं त्याला बाहेर काढलं, की त्याची नोंद या रजिस्टरात होते. तारीख, वेळ, पूल, कोणी काढलं. सल्लागारांनी मंगळवारांवर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. मंगळवार हा आमचा लेडीज डे. त्या दिवशी आत फक्त बायका आणि लहान मुलं. चार सीझनच्या मंगळवारांत नोंदी बोटांवर मोजाव्यात इतक्या.

“यांच्याकडे रेस्क्यूच नाहीत,” ते म्हणाले. “रविवारी पुरुष लाइफगार्डकडे बघा, पानं भरलीत. मंगळवारचा लोड कमी आहे. आणि या मुली बाकीचे दिवस दुसऱ्या कामाला लावता येत नाहीत. लाइफगार्ड आता एजन्सीकडून घेऊ. ट्रेनिंग घेतलेली मुलं मिळतात.”

मी म्हटलं की मंगळवारी बायका येतात त्या या मुली आहेत म्हणून. सल्लागारांनी विचारलं, हे कशावरून? कुठे सर्व्हे वगैरे केलाय का? केला नव्हता. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आणखी काही सांगायचं असेल तर सांगा, असं ते बघत होते. मी पाच नावं लिहिली आणि सही केली.

त्या पाच जणी तिथं कशा आल्या होत्या, ते सांगायला हवं.

पार्क नवं असताना बायका यायच्या आणि वेव्ह पूलच्या कडेला बसून राहायच्या. वेव्ह पूल म्हणजे नदीच्या काठासारखा उतरत जाणारा मोठा हौद. उथळ बाजूला पाणी पावलाएवढं आणि शेवटी गळ्यापर्यंत. मागच्या भिंतीत मशीन असतं, ते सुरू झालं की लाटा येतात. बायका पोरांचे कपडे सांभाळत, चपला राखत बसायच्या. एकीला मी विचारलं, तुम्ही का नाही जात? ती म्हणाली, “तिथं शिट्टी घेऊन बाप्ये उभे हायेत की.”

मग मी बायका शोधायला निघाले. पोहणाऱ्या, आणि दुसऱ्याला पाण्यातून ओढून काढता येणाऱ्या. गोदावरीच्या काठावरच्या एका गावात रेखा सापडली. घर मासेमारीचं. चालायला लागल्यापासून नदीत. दोन मुलांची आई, तिशीची, आवाज खणखणीत. तिच्यामुळे आणखी तिघी आल्या. पाचवी अनिसा, गेवराईतल्या एका फळविक्रेत्याची मुलगी. मामाच्या शेतातल्या विहिरीवर पोहायला शिकलेली. तिच्या अब्बांना पटवायला मला सहा महिने लागले. दर पंधरा दिवसांनी मी गाड्यावर जायचे, केळी घ्यायचे, बोलायचे. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, आप है ना वहाँ? बस.” मी म्हटलं, आहे.

मुंबईहून ट्रेनर बोलावून आम्ही त्यांना तयार केलं. लाइफगार्डचा एक साधा नियम असतो. आपल्या वाट्याचं पाणी दहा सेकंदांत एकदा नजरेखालून घालायचं आणि कोणी अडचणीत दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत त्याच्यापर्यंत पोचायचं. बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो, ओरडणार कुठून? म्हणून कान उपयोगाचे नसतात, नजर लागते. रेखाला हे सांगावं लागलं नाही. “नदीत बी तसंच राहतंय,” ती ट्रेनरला म्हणाली.

सीझनभरात मंगळवार भरू लागला. वडवणी, सिरसाळा, माजलगावकडून बचत गटांच्या बायका जीप करून यायच्या. आयुष्यात पहिल्यांदा गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या सासवा मी तिथं पाहिल्या आहेत.

पाच जणींना मी एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. एका दुपारी सगळं आटोपलं. तिघी सह्या करून गेल्या. अनिसानं विचारलं, माझं काही चुकलं का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग घरी काय सांगू? मी कागद तिच्यापुढे सरकवला. रेखा शेवटी आली. तिनं कागद वाचला, शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “मंगळवार बंद करणार का?”

मी म्हटलं, नाही, चालू राहणार.

“मग पाण्याजवळ कोण?”

एजन्सीची मुलं, मी सांगितलं. ती सही करून गेली.

पार्क उघडलं. एजन्सीची मुलं चांगली होती, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. नंतर जे झालं त्याचं खापर लोकांनी त्यांच्यावर फोडलं, ते बरोबर नव्हतं. त्यांच्याकडे सर्टिफिकेट होतं, पोहणं पक्कं होतं, वेळेवर यायची. वेव्ह पूलवर अक्षय नावाचा तरुण होता. बावीस-तेवीसचा, शांत.

पहिल्या मंगळवारी सिरसाळ्याहून एका गटाच्या चाळीसेक बायका आल्या. कॉस्च्यूम काउंटरवरही आता एजन्सीचा माणूस होता. पूर्वी तिथं अनिसा उभी राहायची आणि साडीवाल्या प्रत्येकीला लेगिंग आणि टी-शर्ट हातात द्यायची. साडी पाण्यात जड होते, पायांत गुंडाळते, म्हणून आमच्याकडे साडीला बंदी होती. बंदीची पाटी अजून होती. पण पुरुषाच्या हातून लेगिंग घ्यायला बायका लाजल्या, आणि बायकांशी वाद घालायला तो लाजला. निम्म्या बायका साडीतच आत आल्या. मी तेव्हा स्लाइडच्या बाजूला पंपाच्या कामात होते.

बाराच्या सुमाराला लाटांचा भोंगा वाजला. लाटा सुरू होण्याआधी तो वाजवतात. कौसाबाई नावाची पंचेचाळीस-पन्नासची बाई खोल बाजूला, पुढे जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरीजवळ उभी होती. दुसऱ्या की तिसऱ्या लाटेला तिचे पाय सुटले. साडी पायांत अडकली आणि ती खाली गेली. ओरडली नाही. आजूबाजूच्या बायका हसत होत्या. ती खेळतेय, असं त्यांना वाटलं.

अक्षयनं ते पाहिलं, आणि वेळेत पाहिलं. त्यानं उडी मारली. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी नंतर बऱ्याचदा पाहिलं. नियमाच्या आत तो तिच्यापर्यंत पोचलेला आहे. पोचून तो थांबलाय. हातभर अंतरावर. त्याचे दोन्ही हात पाण्याबाहेर आहेत आणि तो काठाकडे बघून काहीतरी ओरडतोय.

मशीनवर सलीमचाचा होते. पार्क झाल्यापासूनचे ऑपरेटर, आधी बीडला मोटार वाइंडिंग करायचे. अक्षय थांबलेला दिसताच त्यांनी इमर्जन्सी बटण दाबलं. लाटा मोडल्या, पाणी खाली बसलं. तोवर कौसाबाईच्या जावेला कळलं होतं. तिनं आणि आणखी एकीनं तिला दंडाला धरून ओढलं. मी धावत पोचले तेव्हा ती काठावर पालथी होती आणि खोकत होती. तोंडातून पाणी येत होतं. खोकतेय म्हणजे श्वास चालू आहे, हे मला माहीत होतं.

तिला गेवराईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. बाई बरी झाली. आजही बरी आहे.

अक्षय माझ्या केबिनमध्ये ओल्या कपड्यांनी उभा होता. बस म्हटलं तरी बसेना.

“थांबलास का?” मी विचारलं.

“मॅडम, कुठं धरू?” तो म्हणाला. “साडी वर आली होती. ट्रेनिंगला आम्ही एकमेकांना धरतो, सगळी पोरंच. बाजूला इतक्या बाया. माझ्या मित्राला दुसऱ्या पार्कात बाईला असंच धरलं म्हणून मारलं होतं. मी हात पुढं केला आन् मागं घेतला. का घेतला, मला बी न्हाई कळलं.”

तो रडत नव्हता. जे झालं ते आठवून नीट सांगायचा प्रयत्न करत होता. मी ते लिहून घेतलं. आठवड्यानं त्यानं काम सोडलं. मी जाऊ नको म्हटलं, तरी थांबला नाही.

भाऊसाहेब स्वतः दवाखान्यात जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, बातमी बाहेर जायला नको. बातमी पेपरात गेलीच नाही. कौसाबाईच्या गटाच्या अध्यक्षबाईंनी व्हॉट्सॲपवर एक व्हॉइस मेसेज टाकला आणि तो या गटातून त्या गटात फिरत राहिला. पंधरा दिवसांनी तो माझ्याही फोनवर आला. मी धास्तावून ऐकला. त्यात शिवी नव्हती, तक्रारही नव्हती. बाई नेहमीच्या आवाजात म्हणत होत्या, “गेलतो आमी. पार्क चांगलंच हाय. पण तिथं आता बाया न्हाईत.”

पुढच्या महिन्यात मंगळवारची बुकिंग एकामागून एक रद्द झाली. ज्या आल्या त्या पुन्हा काठावर बसू लागल्या.

मी भाऊसाहेबांकडे गेले. महिला लाइफगार्ड परत घेऊ द्या, म्हटलं. या वेळी त्यांनी लगेच ऐकलं. पण सल्लागारांशी बोलून दोनच जागा मंजूर केल्या.

रेखा मला गेवराईच्या आठवडी बाजारात सापडली. मासे विकत होती. मला पाहून तिनं बाजूच्या बाईला गिऱ्हाईक बघायला सांगितलं आणि हात धुवून आली.

“कौसाबाई कशी हाय?” तिनं आधी तेच विचारलं.

ठीक आहे, मी म्हटलं. मग सगळी हकीकत सांगितली. रजिस्टरचीही. तुमच्या नोंदी कमी दिसल्या म्हणून तुमची नावं यादीत आली, हेही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं.

“मॅडम, रजिस्टरात कावून न्हाई लिवलं, तुमाला आठवत न्हाई का?”

मला खरंच आठवत नव्हतं.

“पहिल्या सालाला आमी समदं लिवत होतो,” ती म्हणाली. “हिला साडी बदलायला लावली. तिला उपास होता, चक्कर यायली म्हून बाहेर बसवलं. एकीला खोल जाऊ दिलं न्हाई. दर मंगळवारची दोन-दोन पानं. तुमीच म्हणलात, रेखा, एवढं लिवू नका, पाण्यातून काढलं तरच लिवा. मग आमी काढायची पाळीच येऊ दिली न्हाई, तर लिवणार काय?”

ती हे आवाज न चढवता बोलली. बाजार चालू होता. मला ते पान आठवलं. तिच्या गोल अक्षरातलं, भरगच्च. ऑडिटला बरं दिसत नाही म्हणून मीच ती पद्धत बंद केली होती. सल्लागारांनी जे रिकामे मंगळवार मोजले, ते मी रिकामे करून ठेवले होते. त्यांना दोष देण्याची सोय तिथंच संपली.

मी माफी मागितली. तिनं मान हलवली आणि किती जागा आहेत ते विचारलं. दोन, मी म्हटलं.

“दोघींनी न्हाई व्हायचं. एक काउंटरला, एक खोल पाण्याला, दोघी उथळाला, एक जेवणाच्या बदलीला. पाच लागत्यात.”

मी पाचांसाठी भांडेन, म्हटलं. तेव्हा तिनं बाकीच्यांचं सांगितलं. एकीचं लग्न होऊन ती जालन्याला गेली होती. दोघी चाकणच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या होत्या. मी अनिसाचं विचारलं.

“तिच्या अब्बाकडं तुमीच जा,” रेखा म्हणाली. “मला न्हाई जमायचं.”

मी गेले. गाडा त्याच जागी होता. त्यांनी मला बसायला क्रेट दिलं, चहा मागवला. बोलण्यात काही कमी केलं नाही. मी अनिसाचं काढलं तेव्हा ते सीताफळं रचत होते. रचता रचताच म्हणाले, “मॅडम, तुम्ही होता ना तिथं?”

एवढंच. मी चहा संपवून उठले.

रेखा मात्र आली. मंगळवारी लाइफगार्ड आणि बाकीचे दिवस नव्या मुलींना शिकवायचं, असं ठरलं. भाऊसाहेबांनी पाचही जागा मान्य केल्या आणि आम्ही जाहिरात दिली. अर्ज आले ते जास्त करून मुलांचे. मुलींचे जे आले त्यांतल्या बहुतेकींना पोहता येत नव्हतं. बीडच्या एका मुलीला उत्तम येत होतं, पण घरच्यांनी चौकशी केली, आणि आधीच्या मुलींना एकाच दुपारी काढलं होतं, हे त्यांच्या कानावर गेलं. ती आली नाही. दोन मुली तयार झाल्या. त्यांतली एक सीझन संपताना सोडून गेली.

रजिस्टर मी पुन्हा पहिल्यासारखं केलं. रेखा दर मंगळवारी दोन पानं लिहायची. भाऊसाहेब अधूनमधून ते मागवून वाचायचे. एकदा मला म्हणाले, हे आधी दाखवलं असतं तर. मी म्हटलं, हो.

बचत गट पुन्हा आलेच नाहीत, असं नाही. थोडे आले. बायका बागेत बसायच्या, डबे उघडायच्या, मुलांना पाण्यात पाठवायच्या. रेखा काठावरून हाका मारायची, या की, मी हाय. काही जणी उतरायच्याही. पण गळ्यापर्यंत कोणी जात नसे. तीन सीझन आम्ही वाट पाहिली. मग भाऊसाहेबांनी मंगळवार शाळांच्या सहलींना दिला. तो चांगला चालतो. पार्क बंद पडलं नाही, तोट्यातही गेलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिथं काही कमी झालेलं दिसणार नाही.

रेखा आता पार्कात नाही. गोदावरीला पाणी वाढलं की तहसीलच्या बचाव बोटीवर तिला बोलावतात. बोटीवर ती एकटीच बाई असते. अनिसाला मी त्यानंतर एकदा बसस्टँडवर पाहिलं. तिचं बोट धरून मूल उभं होतं. ती आपणहून बोलायला आली. मुलाला पोहायला शिकवलंस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मामाच्या विहिरीवर. मीच शिकवते.” मग तिची बस लागली.

मीही पार्क सोडलं. आता हॉटेलं आणि रिसॉर्टच्या पूलवरच्या लोकांना सुरक्षेचं ट्रेनिंग देते. मध्यंतरी एका रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. सीझन मंद आहे, आठ माणसं कमी करायची आहेत, यादी कशी करावी, विचारत होते. मी त्यांना सांगितलं की ज्याचं नाव लिहिणार त्याच्या शेजारी आधी एक अख्खा दिवस उभे राहा. तो काय करतो ते बघा. त्यानं केल्यामुळे काय होत नाही, तेही लिहून काढा. मग नाव लिहा.

आठ माणसं म्हणजे आठ दिवस, ते म्हणाले. एवढा वेळ नाही, यादी शुक्रवारी द्यायची आहे.

मी म्हटलं, मग निदान त्यांना विचारा तरी.

ते बरं म्हणाले. शुक्रवारी यादी गेली. कोणालाही विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांनी मला नव्या माणसांच्या ट्रेनिंगसाठी बोलावलं.